सहदेव भावोजी आणि एकोणनव्वद सालची फाईल

महाडला बाळंतपणाच्या दवाखान्यात मी बाकावर बसले होते. आमची थोरली सून आत होती. बाहेर बसलेल्या बाईला करण्यासारखं काही नसतं, म्हणून मी भांडण ऐकत होते. भांडण फळीपलीकडे चाललं होतं. एक आवाज धाकट्या डॉक्टरांचा, म्हणजे थोरल्या डॉक्टरांच्या मुलाचा, नुकतेच मुंबईहून शिकून आलेले. दुसरा आवाज माझ्या धाकट्या दिरांचा, सहदेव भावोजींचा. ते तिथे कॉम्प्युटरवर केसपेपर लिहायला होते. गोष्ट सत्याण्णव नाहीतर अठ्ठ्याण्णव सालची.

"काका, यंत्र भरलंय. जुनी सालं पुसून टाका."

"पुसायची नाय."

"मग नवीन पेशंट कुठे लिहिणार? माझ्या डोक्यावर?"

"जुनी आवळून बांधतो. जागा होईल."

"आणि सोडणार कोण ती गाठोडी? आठ वर्षांमागे कुठली बाई बाळंत झाली, हे पाहिजे कोणाला?"

"जी झाली तिला."

"अहो, तिच्याकडे मूल आहे! पुरावा शाळेत जातोय!"

यावर भावोजींची खुर्ची यंत्राकडे सरकल्याचा आवाज आला. त्यांची पद्धतच ती. भांडणात हरले की गप्प बसायचे आणि मग स्वतःला हवं तेच करायचे. थोड्या वेळाने फळीपलीकडून टकटक ऐकू यायला लागली, म्हणजे बांधाबांध सुरू झाली. तेवढ्यात नर्स बाहेर आली, नातू झाला म्हणाली, आणि मी ते भांडण विसरले.

सहदेव भावोजींबद्दल सांगायचं तर थोडं मागे जायला लागेल. आमची वाडी उमरठच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीला. तिथून सोळाव्या वर्षी ते मुंबईला गेले आणि एका कापडाच्या गिरणीच्या हापिसात शिपाई लागले. हापिसात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी थंडगार खोली केली. त्या खोलीत बिडी-तंबाखूवाला माणूस चालत नव्हता. अख्ख्या हापिसात बिडी न ओढणारे, तंबाखू न खाणारे एकटे भावोजीच निघाले, म्हणून त्यांना आत बसवलं. असे ते कॉम्प्युटरवाले झाले. इंग्रजी जाड पुस्तक होतं, ते त्यांनी डिक्शनरी घेऊन चार वर्षांत वाचलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पुस्तक वाचत होतो."

गिरणी बंद पडली आणि ते गावी आले. महाडच्या थोरल्या डॉक्टरांनी कुठल्याशा हापिसाने काढून टाकलेला कॉम्प्युटर आणला होता, पण तो चालू कोणाला करता येईना. भावोजींनी तो चालू केला आणि तिथेच वीस वर्षं राहिले. त्या कॉम्प्युटरच्या आतल्या कारभाराला युनिक्स म्हणतात. मला एवढंच कळलं की त्यात चित्र नसतं, गाणं नसतं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं असतात, आणि आपण विचारल्याशिवाय ते बोलत नाही. भावोजींचं आणि त्याचं जमायचं यात काही नवल नव्हतं.

नवीन बाळंतपणं लिहून झाली की भावोजी मोकळ्या वेळात दवाखान्याच्या जुन्या वह्या काढायचे आणि त्यासुद्धा टायपून घ्यायचे. कोणी सांगितलं नव्हतं. पुढे, त्या भांडणाच्या आधीच, दवाखान्यात मोठा कॉम्प्युटर आला, तेव्हा लहान कॉम्प्युटर थोरल्या डॉक्टरांनी भावोजींना देऊन टाकला. तो आमच्या पडवीत आला. पावसाळ्यात आमच्याकडे चामड्याच्या चपलेलाही बुरशी चढते, म्हणून त्या यंत्राच्या पेटीत त्यांनी एक पिवळा बल्ब लावला होता, तो जूनपासून दसऱ्यापर्यंत जळत असायचा. दवाखान्यातली बांधलेली सालं त्यांनी फ्लॉप्यांवर उतरवून घरी आणली होती. फ्लॉप्या, म्हणजे ज्यांच्यात फायली ठेवतात त्या चौकोनी चपट्या तबकड्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तळाला ओल शोषायला भाजलेले तांदूळ घालून. ते तांदूळ दर महिन्याला मी भाजून द्यायचे. माझे यजमान म्हणायचे, "त्या यंत्राला जेवढे तांदूळ खायला घातलेस तेवढ्यात कोंबडी पोसली असती." भावोजी म्हणायचे, "कोंबडी लक्षात ठेवत नाय."

मग एकवीस सालचा पूर आला. महाडात पाणी कुठवर चढलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दवाखान्याच्या वह्यांचा चिखल झाला. मोठा कॉम्प्युटरही चिखलातून काढला आणि टाकून दिला. पाणी ओसरल्यावर भावोजी एकदा जाऊन बघून आले. घरी येऊन अंघोळ केली, जेवले, आणि मला म्हणाले, "वहिनी, तांदूळ बदलायला झाले."

आता रूपालीचं सांगते. रूपाली आमच्या वाडीतल्या तुळजाबाईची सून. नवरा मुंबईला, दोन मुलं इथे, सासू गुडघ्यांनी अडलेली. दोन वर्षांमागे जुलै महिन्यात आमच्या वाडीच्या अंगणवाडीला सेविकेची जागा निघाली. बाई त्याच गावात राहणारी पाहिजे, बारावी शिकलेली पाहिजे, आणि पस्तीस पुरी झालेली नको. पहिल्या दोन गोष्टींत बसणारी आमच्याकडे एकटी रूपाली. ही जागा मिळाली तर ती इथे राहणार. नाहीतर नवऱ्याने सांगूनच ठेवलं होतं, पोरांना घेऊन मुंबईला यायचं, आणि तुळजाबाईने लेकीच्या घरी जायचं. तुळजाबाईने आयुष्यात एक रात्र त्या घराबाहेर काढलेली नाही.

अडचण वयाची होती. आमच्याकडच्या सगळ्या पोरांचा जन्म एक जूनला झालेला आहे. म्हणजे शाळेत नाव घालायला गेलं की मास्तर तारीख विचारायचे, बाप म्हणायचा लावणी चालू होती नाहीतर घट बसले होते, आणि मास्तर लिहायचे एक जून. शाळेत असताना माझ्या मुलाचा आणि त्याच्या वर्गातल्या आणखी सव्वीस जणांचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा. रूपालीच्या दाखल्यावर होतं एक जून एकोणनव्वद. म्हणजे चोवीस सालच्या एक जूनला तिला पस्तीस पुरी झाली, आणि जागा निघाली जुलैत.

तिची आई चंद्राबाई शपथेवर सांगत होती, "घट बसले व्हते. चौथी माळ व्हती. मी इसरंन काय?"

पोलादपूरच्या हापिसातला माणूस भला होता. तो म्हणाला, "बाई, माळ आम्हाला चालत नाही. जन्माची नोंद कुठे आहे?"

नोंद कुठेच नव्हती. रूपाली आईच्या पोटात आडवी होती, म्हणून तिच्या आईला डोलीत घालून सडकेपर्यंत आणि तिथून महाडला नेलं होतं. महाडात जन्मली, तर घरच्यांना वाटलं गावी नोंद करू. गावात म्हणाले, इथे जन्मलीच नाही तर कशी लिहू. मग सगळे कापणीला, झोडणीला लागले आणि ते राहून गेलं. हापिसातला माणूस म्हणाला, ज्या दवाखान्यात जन्म झाला त्याचं शिक्क्याचं पत्र आणि प्रतिज्ञापत्र आणा, अर्ज घेऊन ठेवतो, दाखला मागाहून द्या. शेवटची तारीख एकतीस जुलै. त्या दिवशी होती तेवीस.

रूपाली तशीच आमच्या पडवीत आली. पायाला चिखल तसाच.

"काका, तुमच्या डब्यात मी हाय का?"

भावोजींनी चष्मा पुसला. "एकोणनव्वद ना? असशील."

त्यांनी डब्यातून फ्लॉपी काढली, तांदूळ झटकले, यंत्रात घातली. यंत्र खरखरलं. हिरवी ओळ आली. भावोजींनी ती वाचली आणि पुन्हा तेच टायपलं. पुन्हा तीच ओळ आली.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"म्हणतंय, ही फाईल सोळाच्या मापाने बांधलेली हाय, मला बारापर्यंतच येतं."

आता हे काय ते मी पण विचारलं होतं, आणि त्यांनी मला तांदूळ निवडता निवडता समजावलं. फाईल आवळायची म्हणजे जे शब्द परत परत येतात, मुलगा, मुलगी, पोलादपूर, ते दर वेळी पूर्ण लिहायचे नाहीत. त्यांची खूण ठरवायची आणि खूण लिहायची. कुठली खूण कशाची ही यादी यंत्राने मनात धरायची. मोठ्या यंत्राला लांब यादी धरता येते, तेव्हा ते घट्ट बांधतं. लहान यंत्राला तेवढी यादी मनात मावतच नाही. दवाखान्यात आवळाआवळ केली तेव्हा भावोजींनी ती मोठ्या यंत्रावर केली होती. ते यंत्र पुरात गेलं. राहिलं ते पडवीतलं धाकटं, आणि थोरल्याने बांधलेलं धाकट्याला सुटेना.

"मग तुम्हीच चुकलात की," मी म्हटलं.

"हो," म्हणाले. "सोडून बघायला पायजे होतं त्याच वेळी. सत्तावीस वर्षं झाली."

त्यानंतर ते जेवायला बसले. पण भात दुसऱ्यांदा घेतला नाही, त्यावरून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी ते फ्लॉपी घेऊन महाडला निघाले. मला डोळ्यांचं औषध आणायचं होतं म्हणून मी बरोबर. बाजारपेठेत हर्षदचं झेरॉक्सचं दुकान. हर्षद दासगावचा, पन्नाशीचा माणूस, बोलायला तोंड उघडलं की मिटायला विसरतो. त्याच्याकडे लग्नपत्रिकांसाठी ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर होता, त्याला फ्लॉपी जायची.

"आणा काका, दोन मिनिटांचं काम," म्हणाला आणि फ्लॉपी घातली. पडद्यावर काहीतरी प्रश्न आला. हर्षदचा हात माउसकडे गेला, आणि मी माझ्या दिरांना पन्नास वर्षं ओळखते, पण त्यांना तेवढं चपळ कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हर्षदचं मनगट धरलं.

"काय विचारतोय तो?"

"ते नेहमीचंच हो, फॉरमॅट करू का."

"म्हंजे?"

"म्हणजे डिस्क वाचता येत नाही, पुसून कोरी करू का."

"आणि तू काय सांगत होतास?"

हर्षद म्हणाला, "मी सगळ्याला हो म्हणतो, काका. नाय म्हटलं की आणखी विचारतो."

भावोजींनी फ्लॉपी काढून खिशात घातली आणि वरून हात ठेवला. हर्षदच्या कॉम्प्युटरला युनिक्सची फ्लॉपी कळत नव्हती. पडवीतल्या कॉम्प्युटरला फ्लॉपी कळत होती पण फाईल सुटत नव्हती. भावोजींनी हर्षदच्या कॉम्प्युटरची पाठ बघितली आणि म्हणाले, दोघांना वायरने जोडायचं. हर्षदच्या यंत्राला मागे जुन्या तऱ्हेचं भोक होतं, त्यात कोळ्याने घर केलं होतं. हर्षद म्हणाला, "पण तुमचं यंत्र तर डोंगरावर."

"खाली आणतो."

सव्वीस तारखेला ते यंत्र एसटीने खाली आलं. पेटी भावोजींच्या मांडीवर, पडदा रूपालीच्या मांडीवर गोधडीत गुंडाळून, आणि वायरीची पिशवी माझ्याकडे. कंडक्टर आला.

"आजोबा, टीव्ही का? लगेज लागंल."

"टीव्ही नाय. दवाखाना हाय."

कंडक्टरने गोधडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्याने लगेजचं तिकीट काढलं नाही.

वायर जोडली. इकडून फाईल पाठवायची, तिकडे घ्यायची. पाऊण तास लागला. हर्षदने त्याच्या झिप उघडायच्या सॉफ्टवेअरने ती उघडायला घेतली आणि ते म्हणालं, फाईल खराब आहे.

हर्षद म्हणाला, "गेली हो काका. भाजलेल्या तांदळात ठेवली तर जाणारच."

 पडद्याला गुंडाळलेली गोधडी रूपालीने मांडीवर घेतली होती, तिची घडी करत बसली. ती घडी करून झाली तरी पुन्हा मोडून पुन्हा करत होती.

भावोजींनी विचारलं, "तुझ्याकडं किती अक्षरं आली?"

"कसली अक्षरं?"

"फायलीत अक्षरं किती, ते बघ."

हर्षदने बघून आकडा सांगितला. भावोजींनी आपल्या यंत्राला विचारलं. त्याने दुसरा आकडा सांगितला. हर्षदकडे जास्त भरत होती.

"वाटेत कमी झालं असतं तर गेलं म्हणालो असतो," भावोजी म्हणाले. "वाढतं कसं? तुझं यंत्र पदरचं घालतंय."

आणि तसंच होतं. हर्षदचं यंत्र समजत होतं की ही चिठ्ठी आहे. चिठ्ठीत ओळ संपली असं वाटलं की ते त्याच्या रिवाजाप्रमाणे स्वतःचं एक अक्षर घालायचं. आवळलेल्या फायलीत ओळी नसतातच, नुसत्या खुणा असतात. त्यात कोणी मदत केली की सगळं बिघडतं. भावोजींनी हर्षदला सांगितलं, जसं येतंय तसं घ्यायचं, शहाणपण नको. हर्षदने सेटिंग बदललं. पुन्हा पाऊण तास. मध्ये एकदा वीज गेली, म्हणून आणखी पाऊण तास. मग दोन्हीकडे आकडा सारखा आला.

फाईल उघडली. पडद्यावर नावंच नावं, इंग्रजी अक्षरांत. एकोणनव्वद सालात महाडच्या त्या दवाखान्यात बाळंत झालेल्या सगळ्या बाया एका खाली एक उभ्या होत्या. हर्षद खाली सरकवत गेला आणि थांबला. "ही माझी काकू," म्हणाला, आणि दारात गिऱ्हाईक आलं तरी त्याने मान वर केली नाही.

चंद्राबाई मात्र नव्हती. नवऱ्याच्या नावासकट चंद्राबाई मोरू नव्हती, नुसती चंद्राबाई नव्हती, चंद्रा नव्हती. हर्षदने चार तऱ्हेने शोधलं. ऑक्टोबरात मुली होत्या पाच, पण आईच्या नावात चंद्राबाई एकही नाही.

"दुसऱ्या दवाखान्यात असेल," हर्षद म्हणाला.

मी म्हटलं, "पहिलं बाळंतपण ना गो हे? मग माहेराहून आणलं असेल. बापाने नाव सांगितलं असेल, तो काय चंद्राबाई सांगेल? रूपाली, तुझ्या आईचं लग्नाआधीचं नाव काय?"

रूपालीने माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात, तांदळात लिहितात आणि त्या दिवसापासून जुनं नाव कोणी घेत नाही. रूपालीला इतक्या वर्षांत ते कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. तिने फोन लावला आणि मोठा आवाज केला.

"आये, तुझं माहेरचं नाव काय गो?"

"कशाला?"

"सांग ना."

"कोण कोण हाय तिथं?"

"वाडीतली काकी हाय, काका हायत, झेरॉक्सवाला हाय."

"झेरॉक्सवाल्याला कशाला पायजे माझं नाव?"

"आये, माझ्या जागेसाठी पायजे!"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग चंद्राबाई हळू म्हणाली, "पारू."

पारू रामजी सापडली, रामजी म्हणजे तिचा बाप. तीन ऑक्टोबर. मुलगी, सव्वादोन किलो, पायाळू. पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेली, आणि रूपाली पायाळू आहे हे आमच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक. कोणाची कंबर धरली की तिच्याकडे येतात, ती पाय लावते. मीही दोनदा लावून घेतलाय. हर्षद म्हणाला आता शंकाच नाही, आणि स्वतःची कंबर धरून उठला.

रूपालीने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "चौतीस," म्हणाली. "काका, मी चौतीस."

"तीन ऑक्टोबरपर्यंत," भावोजी म्हणाले.

कागद छापून आम्ही दवाखान्यात गेलो. धाकटे डॉक्टर आता धाकटे राहिलेले नाहीत, डोक्यावर फार केस नाहीत. त्यांनी कागद वाचला, पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग म्हणाले, "काका, त्या वेळी मी तुम्हाला काय म्हणालो होतो?"

"मला आठवत नाय," भावोजी म्हणाले. त्यांना गिरणीतल्या खोलीच्या दाराचा नंबरसुद्धा आठवत होता.

रूपालीला नेमणूक मिळाली ती दिवाळीच्या आधी. ती अंगणवाडी चालवते. तुळजाबाई अजून स्वतःच्याच ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवते. सहदेव भावोजींनी हे पाहिलं नाही. ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झोपेतच गेले, त्र्याहत्तर वर्षांचे होते. आजारी वगैरे नव्हते. त्यांनी त्याआधी बाहेरचं शेवटचं काम केलं ते रूपालीचा अर्ज देण्याचं, ते कसं केलं तेवढं सांगते.

प्रतिज्ञापत्र व्हायला एकोणतीस तारीख उजाडली. तीस तारखेला वाडीत सगळ्यांची लावणी चालू होती, रूपालीच्या खाचरात तर दहा माणसं. भावोजी म्हणाले, मी जातो. वाडीतले कागद तेच न्यायचे, त्यात कोणाला काही वाटलं नाही. सकाळच्या एसटीने पोलादपूरला गेले. हापिसातला माणूस जेवायला गेला होता, तो येईपर्यंत बाहेर बसले. अर्ज दिला. पोच मागितली. तो म्हणाला, पोच कशाला, नोंद केली आहे. भावोजी म्हणाले, द्या. त्याने अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला.

परत आले ते चारच्या सुमाराला, घरी न येता तसेच बांधावरून खाचरापर्यंत गेले. छत्री मानेत धरली होती. रूपालीच्या कोपरापर्यंत चिखल, तिला कागद घेता येईना. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला आणि तिच्या तोंडासमोर दोन्ही हातांनी धरला.

"नाव बघ."

"बरोबर हाय."

"तारीख?"

"तीन दहा एकोणनव्वद."

"शिक्का दिसतो?"

"दिसतो, काका. चहा घेऊन जा, आत्याबाई घरी हायत."

"नको," म्हणाले. कागद पिशवीत घातला, पिशवीची घडी केली, आणि तो तुळजाबाईकडे द्यायला वाडीकडे निघाले.